आतून लागणारी कडी

बाईंनी कधी कुणाला शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही. त्या चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या, पुन्हा लावायच्या आणि म्हणायच्या, "अरे वा." बस. एवढ्यावर समोरच्या माणसाला आपण किती क्षुल्लक आहोत ते कळायचं. शाळेत असताना मी ते अनेकदा झेललं होतं. पुढे तहसील कार्यालयात अव्वल कारकून झाले आणि तेच 'अरे वा' मोठमोठ्या साहेबांच्या टेबलावर पडताना पाहिलं, तेव्हा शाळेतल्या सगळ्या अपमानांची व्याजासकट वसुली झाली.

बाई मूळच्या राणीसावरगावच्या. वडील सालगडी होते. धर्मांतरानंतर घरात पहिली गोष्ट बदलली ती म्हणजे मुलीचं नाव शाळेत गेलं, असं त्या सांगायच्या. शिकल्या, शिक्षिका झाल्या, आमच्या कन्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. एरवी बोलणं अगदी पुस्तकी, शुद्ध. पण एखाद्याबद्दल तिरस्कार दाटून आला की गावाकडची बोली बाहेर यायची. त्यामुळे बाई 'आहे' म्हणत असतील तोवर साहेबांना धोका नव्हता. 'हाय' आलं की मी टेबलावरचे चहाचे कप बाजूला सरकवून घ्यायची.

आता कारागृहाबद्दल. काही तालुक्यांच्या गावी जुन्या तहसिलीच्या आवारात दुय्यम कारागृह असतं आणि त्याचा प्रमुख तहसीलदार असतो. म्हणजे जमीन, रेशन, निवडणुका, पंचनामे हे सगळं उरकून वेळ उरला, तर माणसं कोंडून ठेवण्याचंही काम. आमचंही तसंच होतं. गावाचं नाव लिहीत नाही. एकट्या त्या गावाला लाज कशाला आणू? इमारत निजामाच्या काळातली, भिंती जाड, खिडक्या कबुतराला पुरतील एवढ्या. आत बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. तिथली स्थिती पाहायला एक समिती होती. तिची सचिव मी, आणि निवृत्तीनंतर कुणीतरी विचार न करता घातलेल्या नावांपैकी एक नाव बाईंचं.

विचार न करता म्हणते, कारण समितीचं काम ठरलेलं होतं. तहसीलदार साहेबांच्या दालनात बसायचं. पोहे खायचे. 'पाहणी केली, समाधानकारक' याखाली सही करायची. एक सदस्य तर चष्मा घरी विसरून यायचे. वाचायचं काही नसायचंच. बाई पहिल्या बैठकीला आल्या, पोह्यांची बशी हातानं दूर केली आणि विचारलं, "पाहणी कधी आहे?"

"हीच की," साहेब म्हणाले.

"इथून दिसतं का?"

साहेब हसले. आपल्या विनोदाला बाई हसतील असं त्यांना वाटलं असावं. बाईंनी चष्मा काढला, पुसला. मग सगळी समिती पोटात गरम पोहे घेऊन कारागृहाच्या फाटकाकडे निघाली. दोन सदस्यांना वाटेत महत्त्वाचे फोन आले.

पुरुषांची बराक आधी लागली. दाराशी जाताच वास अंगावर आला. खोलीत जेवढी माणसं असायला हवीत त्याच्या दुपटीहून जास्त होती आणि ती पाळीपाळीनं झोपत होती. एकानं उठून जागा दिली की दुसऱ्यानं आडवं व्हायचं. हवालदार ते आम्हाला कौतुकानं सांगत होता, जणू ही शिस्त त्यानंच लावली. "भांडान न्हाई, तंटा न्हाई, बाई. लय समजूतदार झालेत."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "गोठ्यातली जनावरं तरी एका टायमाला बसत्यात." बोली बदलली होती. हातात कप नव्हता, म्हणून मी फाईलच छातीशी धरली.

बायकांची खोली मागच्या बाजूला. आत पाच-सहा जणी. कोपऱ्यात संडास. त्याला गुडघाभर उंचीची भिंत होती आणि दार नव्हतं. समोर लोखंडी गज, गजांपलीकडे बोळ, आणि त्या बोळातून पहाऱ्यावरचे शिपाई दिवसभर ये-जा करत. महिला शिपाई कागदावर होती. ती बहुतेक दिवस बंदोबस्तावर बाहेरगावी असायची.

गया नावाची एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती. गंगाखेडकडची, ऊसतोडीच्या टोळीतली. मुकादमाच्या घरातल्या चोरीचा आळ तिच्यावर होता. ओठ फुटलेले, डोळे खोल. बाईंनी विचारलं, "पाणी मिळतं का ग प्यायला?"

"मिळतंय की."

"मग ओठ असे का?"

गयाची नजर आमच्यामागच्या पुरुषांकडे गेली. बाईंनी नुसतं मागे वळून पाहिलं. सगळे बोळाच्या टोकाला गेले. मग ती हळू म्हणाली, "दिवसा पीत न्हाई, बाई. पेलं की जावं लागतंय. अंधार पडल्यावर पेते."

बाकीच्याही तेच करत होत्या. परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात.

बाई बाहेर आल्या त्या थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "या संडासाला दार पाहिजे. आणि त्या दाराला आतून कडी."

कारणं सुरू झाली. मला सगळ्या गोष्टींच्या याद्या करायची सवय आहे, पण त्या कारणांची यादी मी केली नाही. कागदाचीही काही इज्जत असते. मुख्य कारण सुरक्षेचं होतं. दार लावलं तर आत एखादीनं जीव दिला म्हणजे? बाईंनी ते नीट ऐकून घेतलं, कारण त्यात तथ्य होतं. मग म्हणाल्या, "वर मोकळं ठेवा, खाली मोकळं ठेवा. डोकं दिसू द्या, पाय दिसू द्या. मधलं तेवढं त्यांचं राहू द्या."

चष्मा विसरणारे सदस्य म्हणाले, "बाई, त्या कैदी हायेत, पाहुण्या न्हाईत."

"पाहुण्या असत्या तर तुमच्या दारात थांबल्या असत्या का?"

"पण गुन्हेगार..."

"ते कोर्ट ठरवील. तुमी कवापासून जज झालात?"

इतिवृत्तात मी 'दाराबाबत सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "शोभा, चर्चेला कडी लागत नाही." मी वाक्य खोडून 'दार बसवावे' असं लिहिलं. साहेबांनी सही केली. वाचून सही करायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच, त्याचा हा एवढा एक फायदा.

इतिवृत्त बांधकाम खात्याकडे गेलं आणि तिथे निवांत पडलं. बाई वाट पाहत बसणाऱ्या नव्हत्या. निवृत्तीनंतर ठिकठिकाणी सत्कारात मिळालेल्या शाली त्यांच्या ट्रंकेत होत्या. एकही कधी अंगावर घेतली नव्हती, "थंडी कुणाला वाजायलीय?" असं त्या म्हणायच्या. त्या शाली त्यांनी एकमेकींना शिवल्या, वर नाडी ओवली आणि संडासासमोर पडदा म्हणून नेऊन बांधल्या. मधोमध सोनेरी जरीकाठ. आमच्या तालुक्यातल्या सत्कारांतून कुणाचं काही भलं झाल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

पडदा पंधरवडाभर टिकला. मग वरिष्ठांची भेट ठरली. भेटीआधी करायचं ते सगळं झालं: भिंतींना चुना लागला, माठ नवे आले, काही कैदी दुसरीकडे हलवून बराक मोकळी मोकळी केली. त्या धांदलीत हवालदारानं पडदा काढला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, बरं दिसंना ते. साहेब लोक यायलेत." म्हणजे उघड्यावर बसलेली बाई बरी दिसते, तिच्यापुढचा पडदा बरा दिसत नाही. वरिष्ठ आले, चुन्याचा वास घेतला, गेले. पडदा परत लागला नाही. तो हवालदाराच्या मोटारसायकलवर झाकण म्हणून सापडला.

पुढच्याच आठवड्यात गया ताप येऊन पडली. कमरेत कळा, लघवीला आग, शुद्ध हरपलेली. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं तेव्हा मी आणि बाई तिथे होतो. एका हाताला बेडी, दुसऱ्याला सुई. डॉक्टर म्हणाले, "पाणी न पिण्यानं झालंय. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर गेलं असतं. हिला पाणी का देत नाहीत?"

बरोबर आलेला हवालदार तत्परतेनं म्हणाला, "देतोय की साहेब. तीच पीत न्हाई."

बाई त्याला काहीच बोलल्या नाहीत. 'अरे वा'सुद्धा नाही. तिथेच बाकावर बसून त्यांनी जिल्ह्याच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं, डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडली आणि मला म्हणाल्या, "हे पोचव. पोस्टानं नको, स्वतः जा." मी रजा टाकली, परभणीची एसटी पकडली, पत्र देऊन पोच घेतली.

न्यायालयाकडून विचारणा आली आणि जे काम कित्येक आठवड्यांत झालं नव्हतं ते चार दिवसांत उरकलं. इतकंच नाही, त्याचं उद्घाटन ठरलं. होय, संडासाच्या दाराचं. लाल फीत, नारळ, तबकात कात्री, फोटोवाला. समितीचे सगळे सदस्य हजर. या वेळी कुणाला वाटेत फोन आला नाही. बांधकामवाल्या साहेबांनी इस्तरीचा शर्ट घातला होता. गया रुग्णालयातून परत आली होती आणि बाकीच्या जणींबरोबर एका बाजूला उभी होती. तिला हळदीकुंकवाचं तबक धरायला सांगितलं होतं.

फीत कापली. टाळ्या झाल्या. गुडघाभर भिंत खांद्यापर्यंत वाढवून घेतली होती. दार पत्र्याचं, निळ्या रंगाचं, वर-खाली मोकळं, अगदी बाईंनी सांगितल्यासारखं. बाईंनी दारावर हात फिरवला. मग आतल्या बाजूनं हात फिरवला. आत काहीच नव्हतं. जाडजूड कडी बाहेरून बसवली होती.

"साहेब," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मजबूत दिसतंय. आत उभं राहून एक फोटो होऊ द्या."

बांधकामवाले साहेब खुशीत आत गेले. बाईंनी दार लोटलं आणि कडी लावली.

"बाई, लागली वाटतं कडी."

"लागली. चांगली लागायलीय."

"उघडा की."

"तुमीच उघडा. तुमीच बसवलीय."

आत थोडी खुडबुड झाली. वरून साहेबांचं टक्कल दिसत होतं, खालून नवे बूट. "अहो, जेलमधल्या सगळ्या कड्या बाहेरूनच असतात! इस्टिमेटच तसं आहे!"

"मग इस्टिमेटलाच म्हणा, उघड."

त्या खोलीत मी पहिल्यांदा हसू ऐकलं. आधी गया फिसकली, मग सगळ्याच जणी. तहसीलदार साहेब कडीकडे हात न्यायला लागले; बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी हात खिशात घातला. मी आवाराबाहेरच्या लोहाराला बोलावून आणलं, हे काम मला न सांगता कळलं होतं. तो येईपर्यंत साहेब आतच होते. त्यांना बाहेर काढून, कडी उतरवून, लोहारानं ती सगळ्यांदेखत आतून ठोकली.

गयानं तबक खाली ठेवलं आणि सरळ आत गेली. कडी लागल्याचा खट्कन आवाज आला. सगळे पुरुष छताकडे, जमिनीकडे बघायला लागले. बराच वेळ ती बाहेर आली नाही. हवालदार पुटपुटला, "बास झालं की आता."

"बसू दे तिला," बाई म्हणाल्या. "तुमी चला बाहेर. तुमचं इथं काय काम हाय?"

पुढच्या वेळी समिती नव्यानं झाली तेव्हा बाईंचं नाव त्यात नव्हतं. आदेशात 'वयोमानपरत्वे' असं कारण दिलं होतं. चष्मा विसरणारे सदस्य त्यांच्याहून मोठे होते, ते राहिले. बाई मुलाकडे परभणीला राहायला गेल्या. गयाला जामीन मिळाला, तिच्या जागी दुसऱ्या आल्या. पुरुषांची बराक होती तशीच आहे. तिथे अजून पाळीनं झोपतात. ते काम माझ्या यादीत पहिलं आहे.

बाईंना शेवटचं भेटले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी गेल्याबरोबर विचारलं, "कडी आहे ना जागेवर?" मी म्हटलं, आहे, पण हवालदाराची एक तक्रार आलीय. बायका आता दिवसभर पाणी मागतात, माठ पुरत नाही, भरून भरून कंबर मोडली म्हणतो.

बाई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाल्या, "मग रांजण घे की मोठा. त्यासाठी परभणीला कशाला आलीस?"

त्याच महिन्यात बाई गेल्या. त्या भेटीहून परतल्यावर लगेच मी कुंभाराकडचा सगळ्यांत मोठा रांजण उचलला आणि बायकांच्या खोलीत नेऊन ठेवला. दुपारपर्यंत तो रिकामा होतो. हवालदार मला, बाईंना, सगळ्या बायकांना नावं ठेवत तो पुन्हा भरतो. त्याची कुरकुर ऐकू येते तोवर सगळं ठीक चाललंय, असं मी धरून चालते.