उन्हात ठेवलेली तबकडी

आमसुलं वाळत घातल्याचा वास आला, की दादाने घेतलेली गाण्यांची पहिली तबकडी आठवते. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात त्याने ती मुंबईहून एसटीने, मांडीवर सांभाळत रत्नागिरीला आणली. तिच्यावर लाल धूळ दिसली म्हणून मी ती न विचारता धुतली आणि आमसुलांशेजारी उन्हात ठेवली. ती वाकली, आणि मला रडू फुटलं. "अगो, पापड काय तो?" एवढंच म्हणून दादाने ती दोन काचांमध्ये घालून दोन दिवस पाट्याखाली ठेवली. मग शेजारच्यांच्या रेकॉर्डप्लेअरवर लावली, तर गाणारीचा आवाज हेलकावे घेत होता. "होडीत बसून गातेय, ऐक," दादा म्हणाला. यंदा दादा नाही. त्याच्या मुलीने त्याच गाण्यांची नवी, सपाट तबकडी आणून दिली आहे. मी होडीतलीच लावते.