मितवल्ली सुताराची विमानं

मितवल्ली दुम्यातचा सुतार, आणि दुम्यातचा सुतार म्हटलं की आमच्याकडे पुढे फार बोलावं लागत नाही. अर्ध्या देशाच्या नवऱ्यामुली त्या गावच्या पलंगावर संसार मांडतात. मितवल्लीने घडवलेल्या पलंगावरून हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते बोटांना कळायचं नाही. सैन्याचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्या दुकानात असाच एक पलंग अर्धा पडला होता. तीन वर्षांची नोकरी, संपवून येतो, असं सांगून तो निघाला. मग सदुसष्टचा जून उजाडला, एका सकाळी शत्रूने आमची विमानं जमिनीवरच जाळली, सगळं होत्याचं नव्हतं झालं, आणि त्यानंतर सरकारने कुणालाच कायमचं घरी सोडलं नाही. ती नवरी एव्हाना दोन लेकरांची आई झाली असेल, दुसऱ्याच कुठल्या सुताराच्या पलंगावर.

लढाई संपली असं कुणी म्हणत नव्हतं आणि चालू आहे असंही धड म्हणता येत नव्हतं. कालव्यापलीकडून शत्रूची विमानं यायची, बॉम्ब टाकायची, जायची. आमच्या तळावर एका वैमानिकामागे पन्नास-साठ माणसं राबत होती. कुणी पेट्रोलचा टँकर चालवायचा, कुणी हजार माणसांचं फूल, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची उसळ, शिजवायचं, कुणी धावपट्टीला पडलेले खड्डे बुजवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच खड्डे पुन्हा बुजवायचे. पेपरात फोटो वैमानिकांचे यायचे. बाकीच्यांच्या अंगाला रॉकेलचा वास यायचा, बस्स.

मितवल्लीचं काम या सगळ्यांपेक्षा चमत्कारिक होतं. तो लाकडाची विमानं बनवायचा. खरी विमानं काँक्रीटच्या जाड कोठारांत लपवलेली असायची, आणि उघड्या मैदानावर मितवल्लीची विमानं ऊन खात उभी असायची. शत्रूने वरून फोटो काढावा, फसावं आणि बॉम्ब त्यांच्यावर टाकावा, एवढ्यासाठी. चांगल्या सुताराच्या जिवाला यापेक्षा वाईट काम सापडणार नाही. त्याचा पलंग पन्नास वर्षं टिकला की तो खरा, आणि इथे विमानाच्या चिंधड्या उडाल्या तरच ते जमलं म्हणायचं.

आणि ते जमत नव्हतं. दोनदा हल्ला झाला. दोन्ही वेळा शत्रूने धावपट्टी फोडली, एक पेट्रोलची टाकी पेटवली, आणि मितवल्लीच्या चार विमानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तळभर हसं झालं. मेजर सफवत, ज्यांच्याकडे ही सगळी फसवाफसवी सोपवलेली होती, ते हसले नाहीत. कारागिराला म्हणतात तसं ‘उस्ता’ म्हणून त्यांनी नुसतं विचारलं, "उस्ता, हे असंच चालायचं असेल तर तुला खड्डे बुजवायला पाठवू का?" चार माणसांसमोर. मितवल्लीचं तोंड एवढंसं झालं.

त्याच दुपारी मेकॅनिक सिदहोम त्याच्या शेडमध्ये आला. सिदहोम नदीच्या वरच्या खोऱ्यातला, गिर्गाकडचा ख्रिस्ती. हाडापेराने मोठा, अकरा वर्षं विमानांच्या पोटात हात घालून काळ्या झालेल्या बोटांचा. दोघांची दोस्ती एकमेकांची लाज काढण्यावर चालायची.

"काय उस्ता, शत्रूला पण दुम्यातचा माल पसंत नाही पडला?"

"तू गप रे. तुझ्या डोक्यात खिळा मारला तर खिळा वाकेल."

"चहा तरी पाज. की दुम्यातच्या चिक्कूंसारखा विचारतोस, पिऊनच आला असशील म्हणून?"

"पिऊनच आला असशील," मितवल्ली म्हणाला आणि चहा ठेवला.

सिदहोमने दारातून मैदानाकडे बघितलं. मग हसणं सोडून म्हणाला, "खरं सांगू? राग धरू नकोस. तुझं विमान म्हणजे नवरीचा पलंग आहे. अजून कुणी झोपलेलंच नाही त्यावर. अरे, खरं विमान गळतं. खाली तेलाचे डाग पडतात. टँकर येतो-जातो, त्याच्या चाकांच्या खुणा उमटतात. आणि माणसं असतात! कुणी पंखाखाली लवंडलेलं, कुणी कपडे वाळत घातलेले, कुणी भांडत बसलेलं. आमच्यासारखी चार रिकामटेकडी माणसं खाली नसतील तर ते विमान कसलं? लाकूडच ते."

मितवल्लीला ते पटलं, आणि पटलं म्हणजे त्याला झोप लागेना. दुसऱ्या सकाळी तो स्वतःच्या पायांनी मेजरकडे गेला. जळकं तेल मागितलं, एक मोडका टँकर मागितला, आणि चार माणसं मागितली. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत विमानाजवळ बसायला. कुणी त्याला हे करायला सांगितलं नव्हतं. मी हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे आयुष्यभर तो स्वतःला हेच सांगत राहिला.

"सायरन झाला की पळतील?" मेजरांनी विचारलं.

"हो साहेब. चर जवळच आहे. चाळीस पावलं."

माणसांवर मुकादम म्हणून मेजरांनी सिदहोमला नेमलं. विमानाजवळ माणसं कशी वावरतात ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? सिदहोम वैतागला. "अकरा वर्षांनी बढती मिळाली," तो म्हणाला, "लाकडाची राखण." पण दोन दिवसांत त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. हा डाग असा नको, तेल डाव्या बाजूला जास्त सांडतं. शिडी अशी आडवी नको. मितवल्ली मुकाट्याने ऐकायचा आणि करायचा. एकदा काम करता करता सिदहोमने त्याला जूनमधल्या त्या सकाळची गोष्ट सांगितली. सायरन झाला तेव्हा तो त्याच्या विमानाजवळ होता. चाकांखालचे ठोकळे ओढून काढायचे आणि वैमानिकाला हात करायचा, एवढंच त्याचं काम.

"मी पळालो उस्ता. वैमानिक धावत येत होता आणि मी पळत होतो. माझं विमान ठोकळ्यांसकट जळलं. जागच्या जागी."

"सगळेच पळाले रे त्या दिवशी."

"सगळ्यांचं मला काय करायचंय?"

मितवल्लीने दोस्तासाठी काहीतरी करावं म्हणून, आणि थोडं कारागिराच्या खाजेपायी, एक गोष्ट केली. तो बीच नावाच्या कठीण लाकडाचे ठोकळे बनवून घेऊन गेला. हुबेहूब, दोर लावलेले, पिवळ्या रंगाचे, कडा मुद्दाम झिजवलेल्या. विमानाच्या चाकांखाली त्याने ते बसवले.

"हे वरून कुणाला दिसणार?" सिदहोम म्हणाला.

"मला दिसतात ना."

सिदहोमने एक ठोकळा हातात घेतला, वजन बघितलं, परत जागेवर ठेवला आणि बुटाने ठोकून घट्ट बसवला. जसा खऱ्याला बसवतात तसा. मितवल्लीची छाती फुगली.

हल्ला झाला तो मंगळवार होता. सकाळचे नऊ. सिदहोमचा उपवासाचा महिना चालू होता, त्यात त्याला तूप चालत नसे, म्हणून फुलाच्या परातीत एका बाजूला तूप आणि एका बाजूला नुसतं तेल असं ठरलेलं होतं, आणि तूपवाले तेलवाल्याच्या बाजूला भाकरी बुडवतात यावरून रोजचा तंटा सुरू होता. मितवल्ली विमानाच्या शेपटीची एक सुटलेली फळी ठोकायला आला होता आणि तोही परातीशी बसला. तेवढ्यात सायरन झाला आणि त्याबरोबरच आवाजही आला, म्हणजे विमानं अगदी खालून आली होती.

सगळे पळाले. मितवल्लीही पळाला. चरात उडी टाकून त्याने डोकी मोजली तर एक कमी. मान वर काढून पाहिलं तर सिदहोम विमानाखाली ओणवा झालेला. दोन्ही हातांनी तो ठोकळ्याचा दोर ओढत होता.

"सिदहोम! अरे लाकूड आहे ते!" मितवल्ली गळा फाटेस्तोवर ओरडला. "लाकूड आहे रे, लाकूड!"

एक ठोकळा निघाला. सिदहोमने तो बाजूला भिरकावला आणि वाकूनच दुसऱ्या चाकाकडे धावला. अकरा वर्षं हातांनी जे केलं ते हात करत होते. की त्याला सगळं समजत होतं आणि तरीही पळायचं नव्हतं? मला ठाऊक नाही. मितवल्लीलाही कधी कळलं नाही. दुसरा ठोकळा घट्ट बसला होता. त्यानंतर मितवल्लीला चरातली माती आणि कानातली शीळ एवढंच आठवतं.

चारही लाकडी विमानं जळून खाक झाली. खऱ्या एकाही विमानाला ओरखडा उठला नाही. धावपट्टीला धक्का नाही, टाक्यांना धक्का नाही. सगळे बॉम्ब मितवल्लीच्या कामावर खर्ची पडले होते. मेजर सफवत धावत आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. "उस्ता, आज तू तळ वाचवलास!" मितवल्ली त्यांच्या मिठीत ओंडक्यासारखा उभा होता. आजवर त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि त्याचे डोळे सिदहोमने भिरकावलेल्या ठोकळ्यावर होते.

आठवड्याने नवी चार विमानं बनवायचा हुकूम निघाला. मितवल्लीने मेजरांना सांगितलं, विमानं बनवतो, पण खाली माणसं नकोत. गणवेशात पेंढा भरून ठेवतो.

"पेंढा जागचा हलतो का?" मेजर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. "माणसं नसली तर ते नुसतं लाकूड आहे. ही अक्कल तूच मला दिलीस ना, उस्ता?"

मितवल्लीने विमानं बनवली. या वेळी ठोकळे बनवले नाहीत.

मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर सिदहोमचा बाप गिर्गाहून आला. बुशरा त्याचं नाव. बारा-तेरा तासांचा प्रवास करून, काखोटीला उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या भाकरींचं गाठोडं घेऊन, मुलाच्या दोस्तांसाठी. फाटकाजवळच्या खोलीत त्याला बसवलं. सिदहोमची पेटी द्यायचं काम मितवल्लीने मागून घेतलं होतं. मेजरांनी बजावलं होतं, लाकडाबद्दल बाहेर अवाक्षर गेलं तर तुझं कोर्टमार्शल होईल, आणि ते खोटं नव्हतं. घरी गेलेल्या पत्रात एवढंच होतं की तुमचा मुलगा आपल्या विमानाजवळ कर्तव्य करताना गेला.

"तू मितवल्ली का रे बाळा?" म्हातारा म्हणाला. "चिक्कू?"

"हो अम्म बुशरा," काकांना हाक मारतात तशी हाक मारून मितवल्ली म्हणाला. " तोच मी."

"पत्रात असायचास तू. चहा विचारत नाही म्हणायचा." म्हातारा हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. भाकरी पुढे सरकवल्या. "खा. त्याच्या आईच्या हातच्या आहेत."

मितवल्लीने तुकडा मोडला. तो त्याच्या हातातच राहिला.

"एक विचारू? त्या जूननंतर रजेवर घरी आला होता ना, महिनाभर बोलला नाही कुणाशी. मग एक दिवस मला म्हणाला, बाबा, मी पळालो. माझं विमान जळलं नि मी पळालो. मी म्हटलं, अरे जीव वाचला, देवाची कृपा. पण ते मनातून गेलं नाही त्याच्या." म्हाताऱ्याने मितवल्लीचं मनगट धरलं. "या वेळी पळाला नाही ना?"

"नाही अम्म. आम्ही सगळे पळालो. तो एकटा नाही पळाला."

"मी म्हणतच होतो त्याच्या आईला." बराच वेळ तो मान हलवत राहिला. "आणि विमान? ते वाचलं?"

मितवल्लीने आजवर शत्रूला फसवलं होतं, त्याच्या कॅमेऱ्यांना फसवलं होतं. ते सोपं होतं. शत्रू कधी इतक्या जवळ बसून हात धरत नाही. त्याला वाटलं, पाय धरावेत आणि सगळं सांगून टाकावं. कोर्टमार्शल झालं तर होऊ दे. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि जीभ वळली ती भलतीकडेच.

"वाचलं, अम्म."

"उडतं?"

"रोज उडतं."

म्हाताऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली. मग पेटी उचलता उचलता थांबला. "लांबून का होईना, एकदा दाखवशील? जवळ नाही जायचं. नुसतं बघतो. तिला सांगता येईल मला, मी बघितलं म्हणून."

पहाऱ्यावरच्या शिपायाने मान वळवून घेतली. मितवल्ली म्हाताऱ्याला कुंपणापर्यंत घेऊन गेला. खरी विमानं कोठारांत होती. उघड्यावर होती ती मितवल्लीची लाकडाची चार, त्यातलं सगळ्यात जवळचं पाच दिवसांपूर्वी पूर्ण झालेलं. त्याने बोट दाखवलं. विमानाखाली चार जवान बसले होते, एक जण बनियन पिळत होता.

म्हाताऱ्याने कुंपणाची तार धरली आणि डोळे बारीक करून पाहिलं. शेपटीपासून नाकापर्यंत, पुन्हा नाकापासून शेपटीपर्यंत.

"केवढं आहे रे," तो म्हणाला. "एवढ्यासाठी गेला होय. मग ठीक आहे."