भुऱ्याचा मोडका कान

"कुत्रं कोनाचं हाय, थे आधी सांगा बाई." नव्या पिक्चरचा बॅनर हाती घेताना आमचे पेंटर ब्रश कानावर खोचून एवढंच विचारायचे.

सत्तर सालाच्या आसपास मी सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये बायकांच्या तिकीटखिडकीवर बसत असे. पिक्चरचे फोटो आधी माझ्या टेबलावर यायचे. इन्स्पेक्टरचा कुत्रा असला तर पेंटर म्हणायचे, "अल्सेशियन." सेठाणीच्या मांडीवर पामेरियन, स्मगलरच्या फाटकाशी डॉबरमन. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

"आणि गावठी?" मी एकदा विचारलं.

"त्याले पिक्चरमंदी निस्ता दगड. थोही गान्यात."

त्यांचा स्वतःचा भुऱ्या गावठीच. उजवा कान मोडलेला. कुठल्याही जातीचा कुत्रा काढायचा असो, समोर नमुन्याला तोच बसायचा. कापडावर त्याचे कान उभे केले, पाठ काळी केली, की अल्सेशियन तयार. तुम्ही तेव्हा बर्डीवरून गेला असाल, तर त्याला पाहिलंच आहे.

एकदा काटोलच्या संत्र्याच्या बागेत शूटिंगवाले आले. त्यांना एका दिवसापुरता अल्सेशियन हवा होता. मीच ही बातमी पेंटरांना दिली. वर म्हटलं, "कान उभे करा, पाठ काळी करा. रोजच तर करता."

मी गंमत केली होती. ते हसले नाहीत.

"एक डाव तं त्याले रोल भेटन, बाई."

दुसऱ्या दिवशी भुऱ्याच्या पाठीला बॅनरचा काळा तेलरंग लावून आणि कानात पुठ्ठा चिकटवून ते काटोलला गेले. तिथे कुणीतरी कुत्र्याला थोपटलं, त्याचा हात काळा झाला. सगळे पोट धरून हसले.

रॉकेलनं रंग निघाला असता, पण कातडी भाजली असती. म्हणून पेंटरांनी तो तसाच राहू दिला. भुऱ्या अंग चाटत राहिला. चौथ्या दिवशी मेला.

"काहून चाटलं असन, बाई?"

"अंगाला काही लागलं की चाटतातच," मी म्हटलं. गंमत कुणाची होती, हे त्यांनी कधीच काढलं नाही.

पुढच्या बॅनरवर इन्स्पेक्टरच्या शेजारी भुऱ्या बसला होता. रंगाने भुरा, कान मोडका.

"पेंटर, ये कौनसी जात है?" मॅनेजर ओरडले.

"हिरोचं कुत्रं हाय, साहेब."

बॅनर माझ्या खिडकीसमोर तसाच चढला. गर्दी नेहमीसारखीच झाली.

पिक्चर उतरला की कापडावर सफेदा मारून त्यावरच नवा रंगवायचा, ही आमची रीत. सफेदा पेंटरच मारत. या वेळी त्यांनी ब्रश माझ्या टेबलावर ठेवला.

"हे दुसऱ्याकून करून घ्या."

ते गेले. खापरखेड्याला पाट्या रंगवतात, असं पुढे कळलं. टॉकीजकडे पुन्हा फिरकले नाहीत.

नव्या पेंटरने सफेदा पातळ मारला. आठवड्याभरात हिरॉइनच्या गुलाबी पदरातून एक मोडका कान वर आला.

"वो दाग कैसा?" मॅनेजरांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "रस्त्यावरून दिसत नाही."

माझ्या खिडकीतून दिसायचा.