आठवी प्रत

आप्पा गेल्याचा फोन दौंडहून आला तेव्हा माझी सकाळची बॅच चालू होती. त्यांची मुलगी सुनंदा म्हणाली, "बाई, पहाटे गेले. वडगावला नेतोय." मी मुलींना घरी पाठवलं, टायपिंगच्या मशीनवर कापडं टाकली आणि शिरूर स्टँडवरून वडगाव रासाईची गाडी धरली. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. पुस्तक न छापताच गेला माणूस... भीमेच्या काठावर चिता पेटेपर्यंत डोक्यात तेवढंच होतं. त्याला आता दोन महिने झाले. राग आहे तसाच आहे, फक्त त्याचं कारण बदललं आहे.

आप्पा म्हणजे पांडुरंग कोळपे. लष्करात हवालदार क्लार्क होते. बावीस वर्षं एका डेपोत बसून वरच्या चौक्यांवरून आलेली मागणीपत्रं तपासली. निवृत्त होऊन गावी आल्यावर, ब्याण्णव साली, ते माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. पिशवीतून चार जाड रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली, त्यांच्या कडा जुळवल्या आणि म्हणाले, "कादंबरी आहे. सात प्रती लागतील."

मी म्हटलं, "कार्बन घालून चार निघतात. पाचवी वाचता येत नाही."

"ती वाचायची नसतेच. जोडायची असते."

कादंबरी युद्धाची होती, पण तिच्यात एकही गोळी सुटत नाही. बर्फातल्या चौकीवरचे नऊ जवान हातमोजे मागतात. खालच्या डेपोतला क्लार्क मागणीपत्र परत पाठवतो, कारण सातव्या प्रतीवर सही नाही. चौकीवरून कळवतात की बोटं वळत नाहीत, म्हणून तर हातमोजे मागतोय. डेपो विचारतो, बोटं वळत नाहीत याचा दाखला कुठं आहे? पलीकडच्या शत्रूच्या चौकीचीही हीच गत. शेवटी दोन्हीकडचे जवान दगडाला बांधून एकमेकांकडे कोऱ्या अर्जांचे नमुने फेकायला लागतात, ज्याच्याकडे जो कमी असेल तो. हातमोजे येतात जून महिन्यात आणि सगळे उजव्या हाताचे. डाव्यासाठी वेगळी मागणी करायची.

टाईप करताना मी इतकी हसायचे की मुली माना वळवून बघायच्या. आप्पा समोर बसून एकेक पान तपासत. चूक दुरुस्त केली की समासात बारीक सही करत, स्वतःच्या कादंबरीत! हसायचे मात्र नाहीत. "यात हसण्यासारखं काय आहे?" असं त्यांनी मला एकदा खरोखरच विचारलं होतं.

दौंडचा एक छापखानेवाला पुस्तक छापायला लगेच तयार झाला. त्याच आठवड्यात कवठे येमाईचे नामदेवमामा माझ्याकडे विहिरीवरच्या मोटारीच्या वीजजोडणीचा अर्ज टाईप करून घ्यायला आले. तेही माजी सैनिक. डाव्या हाताला अंगठा तेवढा शिल्लक. बोटं लढाईत गेली, असं सगळा तालुका म्हणायचा आणि मामा त्यावर कधी काही बोलायचे नाहीत. आप्पांनी आपलं नाव सांगून सहज विचारलं, कोणत्या चौकीवर होता? मामांनी चौकीचं नाव सांगितलं. आप्पा उठले, बाहेर गेले, आणि बऱ्याच वेळानं तीन चहा सांगून परत आले. तेव्हापासून दोघांची जोडी जमली. बाजाराच्या दिवशी दोघं माझ्या बाकावर बसायचे. आप्पा मामांच्या शर्टाचं बटण लावून द्यायचे, संत्रं सोलून द्यायचे. फौजेतली मैत्री, असं मी समजत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण टाईप करणाऱ्याला अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही.

त्यानंतर आप्पांनी काढलं परवानगीचं खूळ. लष्कराविषयी लिहिलंय, तेव्हा जुन्या खात्याची परवानगी आली की मगच छापायचं. दर वर्षी एक अर्ज. मी टाईप करायचे, ते सही करायचे, मूळ प्रत पिशवीत घालून न्यायचे. उत्तर काय आलं विचारलं की म्हणायचे, "विचाराधीन." छापखानेवाला कंटाळून लग्नपत्रिकांकडे वळला. मी एकदा चांगलीच भांडले. म्हटलं, "आप्पा, ज्यांची टर उडवली त्यांच्याच दारात हात जोडून उभे राहता?"

"टर उडवायलाही नियम असतो, बाई."

सीमेवर लढाई झाली त्या वर्षी पंधरा ऑगस्टला कवठ्याच्या शाळेत दोघांचा सत्कार होता. मला पण बोलावलं होतं. सरपंच माईकवर ओरडून सांगत होते, "शत्रूच्या गोळीनं ज्यांची बोटं नेली, पण जिद्द नेली न्हाई..." मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. शाल, नारळ, फोटो झाले. परत येताना जीपमध्ये आप्पा म्हणाले, "भाषण व्यवस्थित झालं. एक वाक्य खरं नव्हतं, पण सगळी कागदपत्रं जोडलेली होती."

मामा म्हणाले, "आप्पा, गप ऱ्हा की. शाल चांगली गरम हाय."

मी हसले. आप्पांनी तोंड फिरवून बाहेर बघितलं.

तेराव्यानंतर सुनंदानं आप्पांची अर्जांची फाईल आणून माझ्या टेबलावर ठेवली. आत अकरा वर्षांचे अकरा अर्ज, सगळे माझ्या मशीनवरचे. पहिल्या दोन अर्जांच्या कार्बन प्रती. मग खात्याचं एक पत्र: निवृत्त कर्मचाऱ्याच्या काल्पनिक लेखनास या कार्यालयाच्या परवानगीची आवश्यकता नाही. पत्र नऊ वर्षांपूर्वीचं. कोपऱ्यात आप्पांचं अक्षर, "पाहिले. फाईल करावे." आणि त्याच्याखाली पुढचे नऊ अर्ज. कार्बन प्रती नव्हेत, सही केलेल्या मूळ प्रती. एकही पोस्टात पडलेला नाही. नऊ वर्षं मी फाईलला लिहिलेले अर्ज टाईप करत होते.

पुढच्या बाजाराला मामा सवयीनं येऊन बाकावर बसले. मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, मग हे पुस्तक अडलं कशासाठी?

"मला काय ठावं? त्यात लिवलंय काय त्ये मला कुनी कवा वाचून दावलं?"

हा माणूस दहा-अकरा वर्षं त्या कागदांपासून दोन हातांवर बसला होता आणि मलाही ते सुचलं नव्हतं. त्या दुपारी आणि पुढच्या बाजाराला मी कादंबरी मोठ्यानं वाचली. अर्जांचे नमुने फेकण्याच्या जागी मामा गुडघ्यावर थाप मारून हसले. त्याआधी हातमोज्यांचं मागणीपत्र परत आलं तिथं मात्र त्यांनी हात वर केला.

"सात न्हाई, बाई. आठ."

"काय आठ?"

"परती. आठ लागायच्या. आठवीवर सही न्हवती. फारम माघारी आला तवा चौकीवर आमीच हुतो की. खाली सही हुती, कोळपे. म्या समद्यांला दावली. म्हनलं, आडनाव बघा, आपल्याकडचाच मानूस बसलाय डेपोत, आता काम हुतंय..." त्यांनी अंगठा शर्टाच्या बटणावर घासला. "पंधरा दिसांत बोटं काळी पडली."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"इथं नाव सांगितलं त्यानं, तवाच वळखला. त्याला वाटायचं, मला ठावं न्हाई. मला वाटायचं, सांगंल कवातरी. त्यो आपला संत्री सोलीत बसला."

मी विचारलं, छापायचं का? गोळी नव्हती हे मग सगळ्यांना कळेल.

"कळू द्या. शाल काय माघारी मागनार हायेत व्हय?" मग म्हणाले, "त्यानं इचारलं असतं तर तवाच हो म्हनलो असतो. इचारलं न्हाई."

सुनंदा म्हणते, आप्पांना पश्चात्ताप होता. असेल. पण पश्चात्ताप माणसाजवळ बोलायचा असतो, फाईलमध्ये लावायचा नसतो. आधी त्यांना वाटलं असेल, खातं नकार देईल आणि सुटका होईल. खात्यानं नकारही दिला नाही. ज्या कारभाराचं त्यांनी चार रजिस्टरं भरून हसं केलं, त्याच्याच आडोशाला ते मरेपर्यंत बसले. ज्याची परवानगी लागत होती तो शेजारी बसून चहा पीत होता.

मामा जाताना म्हणाले, "कागुद पायजे असंल तर करा टाईप. सही देतो." मी संमतीचा कागद केला. या लेखाचाही त्यात उल्लेख घातला. डाव्या अंगठ्यानं कागद दाबून धरून मामांनी उजव्या हातानं सही केली. एकच प्रत. दुसरी काढली नाही.

कादंबरीचे कागद आता दौंडच्या छापखान्यात जायचे आहेत. पाठवण्याआधी मागणीपत्राचं ते पान काढलं, "सातव्या" खोडून "आठव्या" केलं. आप्पांच्या पद्धतीप्रमाणे दुरुस्तीशेजारी समासात बारीक सही लागते. ती जागा मी कोरी ठेवली आहे.