बँडमास्तरांचा कोट आणि मावशींचा एक शब्द

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या मावशींच्या दुकानात दोन गोष्टींना बंदी होती. एक, शिलाई मशीनवर चहाचा कप ठेवणं. दुसरी, लहान मुलाला 'लबाड' म्हणणं.

समोरची शेजारीण नातवाचा गालगुच्चा घेऊन "लबाड गं माझा!" म्हणाली, की मावशींचं मशीन थांबलंच.

"अहो, त्याला उजवा-डावा बूट कळत नाही अजून. लबाडी म्हणजे आपण काय करतोय ते आपल्याला पक्कं ठाऊक, आणि दुसऱ्याला ते कळू नये म्हणून सगळी धडपड. त्याला अक्कल लागते. येईल त्यालाही, घाई कशाला?"

"तुमच्यापुढे लाडसुद्धा मापात करायचे बाई!" शेजारीण हसायची.

उसवलेल्या शिवणीवर नुसती लेस लावा म्हणणाऱ्याला मावशी सांगत, "आधी शिवण, मग लेस. नाहीतर ती लबाडी." उद्या देते म्हणून परवा देणं हीही लबाडी. मात्र "कधी होईल सांगता येत नाही" असं बजावून आठवडा लावणं, ही नव्हे. गिऱ्हाइकांना हा फरक फारसा पटत नसे.

अशा बाईकडे एका दुपारी बँडमास्तरांची बायको पिशवी छातीशी धरून आली. दर रविवारी बागेत वाजवणाऱ्या बँडचे हे मास्तर. पितळी बटणांचा त्यांचा निळा कोट मावशींनीच शिवलेला, मास्तर शिडशिडीत होते तेव्हा. त्याच भरात त्यांनी सगळ्या बँडसमोर जाहीर केलं होतं, "ज्या दिवशी हा कोट बसणार नाही, त्या दिवशी वाजवणं बंद!" शिडशिडीत माणसाला असली प्रतिज्ञा करायला काय जातं?

"मावशी, बटण लागेना झालंय," मास्तरीणबाई कुजबुजल्या. "म्हणतात, संपलं आता. घरात तोंड उघडत नाहीत. म्हणजे जेवायला उघडतात, बोलायला नाही. तुम्ही आतून जरा सैल करा. मी गुपचूप कपाटात लावते. त्यांना वाटेल, आपणच बारीक झालो."

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. "ही लबाडी झाली."

"होऊ दे झाली तर! घरी बसले तर मला भांडी कशी घासायची ते शिकवतील." मग बाईंचा आवाज उतरला. "आणि वाजवल्याशिवाय तो माणूस झुरेल हो."

यावर मावशींना 'नाही' म्हणवेना. "आधी कोट तर बघू," म्हणत त्यांनी अस्तर उसवलं आणि थबकल्या. पुढेमागे सैल करता यावा म्हणून शिवणीत आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. मावशींनी ती भरपूर ठेवली होती. आता टाका घालण्यापुरतीही उरली नव्हती. शिवण पार काठाला सरकलेली, दोरा काळा, टाके हे एवढाले.

"हा हात माझा नाही."

"मी तर आजच आणतेय..." बाई बोलता बोलता थांबल्या. "अगं बाई! म्हणजे यांनीच?" आणि हसत हसत त्या स्टुलावर बसल्या.

"आता गुपचूप करायला जागाच नाही," मावशी म्हणाल्या. "त्यांनाच पाठवा."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, श्वास आत ओढून. "कोट आटलाय वाटतं."

"आटलाय, आणि आटता आटता काळ्या दोऱ्यानं शिवूनही आलाय."

मास्तरांनी श्वास सोडला. पोट जागेवर आलं. "पलीकडच्या टेलरकडे गेलो होतो. एकदा. बरं, दोनदा. तुमच्याकडे आलो असतो तर तुम्ही तो शब्द काढला असता."

"काढलाच असता."

"हिला सांगू नका."

"त्यांना ठाऊक आहे. काल इथंच हसत होत्या."

"हसली?"

"पोट धरून."

"मग मी उगाच तोंड पाडून बसलोय!" मास्तर पुटपुटले. पण लगेच पुन्हा गंभीर झाले. "तरी सगळ्यांसमोर शब्द दिलाय मावशी. कोट बसत नाही."

"बसवणं माझं काम. तुम्ही प्रतिज्ञा कोटाची केली होती, पोटाची नाही. दोन्ही बाजूंना लाल पट्टी घालते, लांबून दिसेल अशी."

"लोक विचारतील!"

"विचारू देत. जाड झालो म्हणा."

मास्तरांनी आरशात वळून दोन्ही बाजू पाहिल्या. मग म्हणाले, "लाल जरा गडद घ्या."

रविवारी मावशी बागेत मागच्या बाकावर जाऊन बसल्या. ढोलवाला ओरडला, "मास्तर, हे काय नवीन?"

"पोट वाढलं!" मास्तरांनी असं सांगितलं, जणू बढती मिळाली. त्यांनी तुतारीसारखं पितळी कॉर्नेट ओठाला लावलं. कोटात आता छातीभर श्वास मावत होता. पहिलाच सूर असा निघाला, की फाटकाजवळचा माणूस आत वळला.

मास्तरीणबाई मावशींशेजारी सरकल्या. "खरं सांगा, मी केली ती लबाडीच ना?"

"केली कुठे?" मावशी मास्तरांवरून नजर न काढता म्हणाल्या. "नवऱ्यानं आधीच जागा संपवली होती."