मिठागरातलं हाड

दोन हजार चोवीस साल. माझं वय सदुसष्ट. पनवेलच्या एका मॉलमध्ये, भर रविवारी, गर्दीसमोर, एका चाळिशीच्या माणसाने मला लहान मुलांच्या गाडीने ठोकलं. मुद्दाम. दोनदा. आणि माफी मी मागितली.

मॉलच्या वरच्या मजल्यावर गेम झोन आहे. तिथे मी डॅशिंग कारवर कामाला. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे काउंटर नाही, कॉम्प्युटर नाही. फाटक उघडायचं, पट्टा बांधायचा, फाटक लावायचं. मुलगा कमावतो, घरी बस म्हणतो. बसून खाणं मला जमलं नाही.

डॅशिंग कार म्हणजे खाली लोखंडी पत्रा, वर जाळी, आणि जाळीला टेकलेला गाडीचा दांडा. पोरं एकमेकांना ठोकतात, त्याचंच तिकीट. ठोकता ठोकता एखादी गाडी कोपऱ्यात रुतून बसते आणि आतलं पोर रडायला लागतं. मग आम्ही पत्र्यावर उतरायचं. बाकीच्या गाड्या धावत असतात. त्यांच्यामधून जायचं, अडकलेली ओढून काढायची, परत यायचं. तरणी पोरं येताना चालत्या गाडीच्या मागच्या रबरावर पाय ठेवतात, दांडा धरतात आणि लोंबकळत कडेला येतात. माझ्याच्याने ते होत नाही. मी आपला मान इकडे वळव, तिकडे वळव करत चालायचो, रस्त्यावर सुटलेल्या गुरासारखा.

केबिनमध्ये एक लाल बटण आहे. दाबलं की सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या. पण ते दाबायचं नाही. फेरी मध्येच थांबली तर गिऱ्हाईक भांडतं, नवी फेरी फुकट द्यावी लागते. मॅनेजर निखिल सर, पोरगेलासा, खारघरचा, पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "बटण फक्त इमर्जन्सीला, काका." इमर्जन्सी कोणाची, ते त्याने सांगितलं नाही. आमचं आम्हालाच कळत गेलं.

फाटकावर पाटी आहे. गरोदर बायांनी बसू नये. हृदयविकार असलेल्यांनी बसू नये. मान दुखत असेल तर बसू नये. रिकाम्या वेळात मी ती एकेक अक्षर लावून वाचली. गिऱ्हाइकाच्या हृदयापासून मानेपर्यंत सगळ्याची काळजी होती. पत्र्यावर उतरणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ नव्हती.

त्या रविवारी वाढदिवस होता. हरेशशेठच्या मुलाचा. हरेश आमच्याच गावचा. आता बिल्डर. त्याच्या बापाने आणि मी उरणच्या वाटेवरच्या मिठागरात बरोबरीने मिठाच्या टोपल्या वाहिल्यात. जमिनी सरकारात गेल्या, त्याच्या बापाने हातात आलेल्या पैशावर इमारत बांधली. माझं भावांच्या भांडणात गेलं. त्याबद्दल रडत नाही मी. पण हरेशच्या हळदीला मी नाचलो होतो, एवढं लक्षात ठेवा.

मी त्याला लांबूनच बघितलं. माझ्या अंगावर कामाचा जांभळा टी-शर्ट, छातीवर हसणारं अस्वल. मी एका गेमच्या मशीनच्या आड उभा राहिलो. पण एका पोरीची गाडी अडकली आणि उतरावं लागलं.

गाडी ओढताना मागून आवाज आला, "तात्या, आलो बरं का."

मान वळवली. हरेश. मुलाला मांडीवर घेऊन, गुडघे कानाला लागलेले, गळ्यात सोनं. कठड्याशी त्याची बायको मोबाइल धरून उभी. त्याने सरळ माझ्यावर गाडी घातली. पोटरीवर बसली. मी तोल सावरला, हसलोसुद्धा. वाटलं, झालं, गंमत झाली. तर त्याने गाडी फिरवली, लांब नेली आणि परत आणली. कठड्यावरून पाहुणे ओरडत होते, अजून एक, अजून एक.

दुसऱ्या वेळी माझी नडगी दोन गाड्यांच्या मध्ये आली.

डोळ्यांपुढे पांढरं झालं. पडलो नाही. पण त्या दणक्याने हरेशच्या मुलाची हनुवटी स्टिअरिंगवर आपटली आणि पोर रडायला लागलं. मग निखिल सर धावला. मुलाकडे. सरबताच्या काउंटरवरून बर्फ आला. मुलाला. मी पत्र्याच्या कडेला एका पायावर उभा.

"काका, सॉरी बोला त्यांना."

"मी?"

"तुम्ही मध्ये आलात ना. कस्टमर आहेत ते."

मी वाकलो आणि त्या लेकराला सॉरी म्हणालो. लेकराचा काय दोष. पण वाकलो ते त्याच्या बापापुढे, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

हरेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाहुण्यांकडे बघून म्हणाला, "अरे, आमच्या गावचे तात्या हायत. त्यांना काय व्हतंय? मिठागरातलं हाड हाय ते." मग मला, "लागलं नाय ना, तात्या?"

आणि मी म्हणालो, "नाय लागलं."

का म्हणालो? मिठागरात पाय फाटायचे, फाटलेल्यात खारं पाणी जायचं, पण दुखतंय असं कोणी बोलायचं नाही. बोलला त्याची पावसाळ्यापर्यंत टिंगल. मिठागरातलं हाड हा शब्द माझा बाप स्वतःबद्दल वापरायचा, छाती पुढे काढून. मीही वापरला, सगळा जन्म. तो आमचा शब्द. तो त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून, पाहुण्यांच्या हसण्यात ऐकला, तरी जुन्या सवयीने मान ताठ झाली आणि जीभ बोलून गेली.

निखिल सरने ते बरोबर उचललं. आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बघा. या वयात काकांना काही होत नाही. तुम्हीच काय ते घाबरता."

हे कोणाला होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. नसीमला.

नसीम पनवेलचीच, मोहल्ल्यातली. पस्तिशीची असेल. नवरा कुवेतला होता, तिथे पाठ मोडून घेऊन घरी आला. आता घर तिच्यावर. मला चाचा म्हणते. माझ्या डब्यात सुकट असली की वास घेऊन म्हणते, चाचा, आज मॉलचा एसी बंद पाडताय वाटतं. ती कितीतरी दिवस सांगत होती, आधी गाड्या थांबवा, मग आम्हाला उतरवा. निखिल सरचं उत्तर एकच, भीती वाटत असेल तर घरी बसा, बाहेर लाइन आहे.

माझा पाय उचलत नव्हता. थोड्या वेळाने परत गाडी अडकली, तेव्हा निखिल सरने नसीमकडे बोट केलं.

ती माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "चाचा, खरंच लागलं नाय?"

मी दुसरीकडे बघितलं.

ती उतरली. ओढणी कमरेला खोचून. अडकलेली गाडी तिने सोडवली. परत येताना हरेशच्या मेहुण्याने बाजूने घातली. तोही हसतच होता. नसीम कोपरावर पडली. पत्र्यावर तो आवाज वेगळाच येतो. तिच्या दोन्ही बाजूंनी गाड्या चालूच. केबिनमधला ऑपरेटर बटणाकडे बघत नव्हता, निखिल सरच्या तोंडाकडे बघत होता.

नसीम बसती झाली. हात पोटाशी धरलेला. कठड्यावरच्या लोकांकडे बघून ती हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय नाय झालं. काय नाय झालं, चाचा."

माझंच वाक्य.

कानफटात बसावी तसं झालं मला. मी मानासाठी बोललो होतो. ती पोटासाठी बोलत होती. आणि आमच्या त्या बोलण्यावर तो पत्रा चालू होता. हरेशने गाडी घातली, निखिलने उतरवलं, ते खरंच. पण सगळं बिनघोर चालावं म्हणून त्यांना लागत होतं ते आमचं हे एक वाक्य. नाय लागलं. ते आम्ही फुकट देत होतो. वर हसून देत होतो.

मी पाय ओढत केबिनमध्ये गेलो. ऑपरेटर म्हणाला, काका, नको. मी लाल बटणावर तळहात मारला.

गाड्या थांबल्या. पोरं ओरडायला लागली. हरेश गाडीतूनच गरजला, "कोनी बंद केली?"

"मी."

मी बाहेर आलो आणि पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. नडगी फुटली होती, मोजा रक्ताने चिकटला होता. म्हणालो, "हरेश, लागलंय. मगाशी खोटं बोललो. मला लागलंय आनि तिलाबी लागलंय."

त्याच्या बायकोने मोबाइल खाली केला. हरेश माझ्या पायाकडे बघत नव्हता. इकडेतिकडे बघत होता. गर्दीतली एक बाई पुढे झाली आणि तिने नसीमला हात देऊन उठवलं. निखिल सर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "उद्या सकाळी ऑफिसमध्ये भेटा. तुम्ही दोघंही."

दोघंही. त्याचाच घोर लागला मला. माझं काय, मी गेलो तर घरी बसेन. पण बटण मी दाबलं होतं, आणि रोजी तिची जाणार होती. निघताना ती एवढंच म्हणाली, "चाचा, कशाला बोललात." रागाने नाही. दमून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलजवळ विचुंब्याच्या आमच्या खोलीत मी पाय धुवत बसलो होतो. मुलगा भरत तळोज्याहून रात्रपाळी करून आला. केमिकल कंपनीत आहे. त्याने पाय बघितला. मी सगळं सांगितलं, सॉरीसकट. बापाने पोराला हे सांगणं सोपं नाही.

भरत मागे एकदा सांगत होता, कंपनीत मशीनच्या आत माणूस उतरला की तो स्वतःचं कुलूप स्विचला लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. तो बाहेर येईपर्यंत कोणी मशीन चालू करू शकत नाही, साहेबसुद्धा नाही. तेव्हा मी हसलो होतो. म्हणालो होतो, आमी भरतीच्या पान्यात उतरायचो, तुमाला कुलपं लागतात.

त्याने आता ते काढलं नाही. फक्त विचारलं, "आबा, तू उतरलास तवा बटन कोनाच्या हातात व्हतं?"

मी पाय पुसला. उठलो, दाराचं कुलूप काढलं, चावीसकट खिशात टाकलं. भरत म्हणाला, झोपतो मी, कडी लावून घेतो.

ऑफिसात नसीम आधीच उभी होती. कोपर सुजून दुप्पट. निखिल सर म्हणाला, मालकांचा फोन होता. हरेशशेठची माफी मागा, विषय संपवू. मी म्हणालो, माफी काल मागितली, ती परत घेतो. काम सोडत नाय. आमी उतरू, पन गाड्या उभ्या असताना, माज्या पोराच्या तळोज्याच्या कंपनीत उतरतात तसं. नसीम खाली बघत होती.

"काका, हा गेम झोन आहे. तळोज्याची कंपनी नाही."

"हाड तेच हाय," मी म्हणालो.

तो काही बोलायच्या आत बाहेरून आरडाओरडा झाला. सकाळची पहिलीच फेरी, आणि गाडी कोपऱ्यात अडकली होती. निखिल सरने सवयीने नसीमकडे बोट केलं.

ती निघाली. तिच्या पुढे मी. केबिनमध्ये जाऊन लाल बटण दाबलं. मागच्या भिंतीवर मेन स्विचची पेटी आहे, तिचा दांडा खाली ओढला. दांड्याला कुलपासाठी भोक आहे. बनवणाऱ्याने ठेवलेलं. आम्ही तिथे आल्यापासून ते रिकामंच होतं. त्यात माझ्या दाराचं कुलूप अडकवलं, चावी फिरवली आणि नसीमच्या हातात दिली.

तिने चावीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. निखिल सरकडे बघितलं नाही. चावी ओढणीच्या टोकाला बांधली, दात लावून गाठ आवळली, आणि पत्र्यावर उतरली.

निखिल सर केबिनच्या दारात आला. आवाज चढवून म्हणाला, "काका, कुलूप काढा. आत्ता."

"चावी माज्याकडं नाय," मी म्हणालो. "ती वर आली का तिला मागा."

पत्र्यावर सगळ्या गाड्या उभ्या होत्या. नसीम त्यांच्यामधून चालत गेली. सावकाश. एकदाही मान न वळवता.