डिस्क सुटेना
मुलगी परवा पुण्याला हॉस्टेलवर गेली. जाण्याआधी ती जोतिबाला जाऊन आली होती. मागे राहिलेल्या तिच्या ओढणीला जोतिबाच्या गुलालाचा वास आला आणि जुनं ऑफिस आठवलं. तिथं शेजारी बसणारा माझा दोस्त जोतिबाच्या डोंगरावरचा, त्याच्या बॅगेला कायम हाच वास. आम्ही कॉम्प्युटरच्या कर्नलमधले, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातले, डिस्क चालवणारे ड्रायव्हर प्रोग्रॅम तपासायचो. आधी ड्रायव्हर चढवायचा, मग डिस्क जोडायची. आवरताना उलटं, आधी डिस्क सोडवायची, मगच ड्रायव्हर काढायचा. "सासनकाठी आडवी व्हायच्या आधी दोऱ्या सोडतंय व्हय कुणी?" यात्रेत दोऱ्यांनी तोलून धरलेली ती उंच काठी डोळ्यांपुढे आणून तो म्हणायचा. एका दुपारी क्रम बरोबर असूनही डिस्क सुटेना. 'वापरात आहे', एवढंच उत्तर. मशीन बंद करून चालू केलं असतं, तर महत्प्रयासानं पकडलेली चूक पुसली गेली असती. मी उठत होतो, बसत होतो, सुटली का ते बघायला डिस्क पुन्हापुन्हा उघडत होतो. शेवटी त्यानं माझ्या हातातला माऊस काढून घेतला. "तू सारखा आत डोकावतुयास, म्हणून ती वापरात हाय की. भाईर ये आधी." त्यानं माझी उघडी विंडो बंद केली आणि डिस्क सुटली. ओढणी घडी करून कपाटात ठेवली. सकाळपासून मुलीला किती फोन केले कोण जाणे. हात परत मोबाइलकडे गेलाय.